दोरीच्या अलीकडे

होळीच्या दिवशी सकाळी कारभारीनं देवघरातला धाकट्या भावाचा, नाथाचा टाक ताटात घेतला आणि ओसरीवर उन्हाला बसून चिंचेनं घासायला सुरुवात केली. नाशकात त्या दिवशी टाक घासत बसलेली घरं पुष्कळ. घरातला माणूस लढाईत गेला, अवेळी गेला, की त्याचा चांदीचा टाक करायचा, वर्षभर देवात पुजायचा आणि धुळवडीला नारळासोबत लाल फडक्यात बांधून, हलगीवर नाचवत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आंघोळीला न्यायचा. त्यालाच वीर म्हणायचं. नाथाच्या टाकावर घोडा होता आणि घोड्यावर तलवार उपसलेला स्वार. नाथा जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पण सोनाराकडे साचा एकच होता आणि आईला तो फार आवडला होता.

"अहो, चुलीतली राख घ्या की," आतून त्याची बायको कुसाबाई म्हणाली. "कालवणाची चिंच नासताय उगं."

"राख नको."

"अठरा वर्षं बघते मी. राखेशी वाकडं, टांग्याशी वाकडं. उद्या माझ्याशी वाकडं धराल."

कारभारीनं चिंच आणखी जोरानं घासली. गुडघे सुजून भोपळ्याएवढे झाले होते आणि त्याचं कारण टांगाच होता. आदल्या दिवशी थोरली बहीण भागीबाई लासलगावहून गाडीनं आली. तिला उतरवून घ्यायला हा स्टेशनावर गेला, तर रांगेत पहिला टांगा नेमका महेबूबचा. बहिणीला त्यात बसवून दिलं, "तू हो पुढं, मला इथं काम हाय" म्हणाला आणि स्वतः तीन कोस चालत घरी आला. स्टेशनावर त्याला काडीचंही काम नव्हतं.

भागीबाई आता जात्यापाशी पाय पसरून पुरणाची डाळ निवडत होती. घरात आई राहिली नव्हती, त्यामुळे रीतीभातीचा सगळा कारभार हिनं आपणहून अंगावर घेतला होता. "बिचारा महेबूब," ती म्हणाली. "सगळ्या वाटेनं तुझी चौकशी करत होता. अजून पलटणीतल्या हुद्द्यानंच बोलतो, नाईकांची तब्येत कशी हाय, नाईक मळ्यात जातात का. तुम्ही दोघं एका बोटीनं लढाईवर गेलेली माणसं. एवढं कशावरून बिनसलं तुमचं?"

"बिनसलं नाय काही."

"मग?"

"अक्का, डाळ निवड."

वैशाखात नाथाच्या मुलाचं, मंगळूचं लग्न ठरलं होतं. दिंडोरीची मुलगी होती. आणि या घराची रीत अशी की लग्नाआधी मुलानं आपल्या घरचा वीर हातात घ्यायचा. याला हात बदलणं म्हणत. ज्यानं आजवर वीर नाचवला त्यानं देवापुढे टाकावर हात ठेवायचा, घरातल्या थोर बाईनं तीन गोष्टी विचारायच्या: वीर कसा गेला, कुणाच्या हातावर गेला, मागचं कुणी केलं. त्यानं खरं ते सांगायचं आणि मग टाक पुढच्याच्या ओंजळीत द्यायचा. टाकावर हात ठेवून खोटं बोललं तर वीर घरात राहत नाही, असं कारभारीचा बाप सांगायचा. एरवी बाप पुष्कळ गोष्टी सांगायचा आणि कारभारी त्या सोडून द्यायचा. ही मात्र सुटत नव्हती. नाथाचा वीर पहिल्यांदा हातात घेणारा तोच, त्यामुळे आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं. जे काही त्यानं सांगितलं होतं ते पलटणीतून घरी आल्या दिवशी, याच ओसरीवर, आईला. तेव्हा हातात टाक नव्हता, बिस्किटांचा डबा होता.

दुपारी मंगळू मळ्यातून आला तो हलगीवाल्यांना सांगूनच. वीस वर्षांचा पोरगा, बापासारखाच उंच, हात जरा जास्तच लांब. तेलाची वाटी घेऊन तो कारभारीच्या पायाशी बसला आणि न विचारता गुडघे चोळू लागला.

"आबा, उद्या नीट सांगा बरं. दिंडोरीचे पाहुणे गंगेवर येणार हायेत. घरातून निघतानाच सगळं रीतसर झालं पाहिजे, असं आत्या म्हणते."

"तुला तर पाठच हाय."

"पाठ हायच," मंगळू हसला. "डोकं तुमच्या मांडीवर होतं. पाणी मागितलं. तुम्ही पाजलं. मग म्हणाले, दादा, पोराला सांभाळ."

हे शेवटचं वाक्य कारभारीनं इगतपुरीचा घाट चढताना गाडीत बसून रचलं होतं. रचलं खोटं, पण पाळलं मात्र खरं. पोराला त्यानं सांभाळलं, स्वतःला मूल झालं नाही त्याची बोच न ठेवता सांभाळलं. त्या एका वाक्यावर पोरगा वाढला होता आणि उद्या तेच वाक्य टाकावर हात ठेवून म्हणायचं होतं. म्हटलं तर वीराशी खोटं, नाही म्हटलं तर पोराच्या हातात काय द्यायचं? कारभारीला दोन्हीकडून थकवा आला. पोराच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण हात तेवढाही उचलवला नाही.

लोकांना वाटतं लढाई माणसाला थकवते. कारभारीला तसं कधी वाटलं नाही. लढाईत माणूस भितो, चिडतो, धावतो, त्यात दिवस जातो. त्याला थकवलं ते लढाई संपल्यानंतरच्या दिवसांनी. अठरा सालच्या दिवाळीच्या सुमाराला तोफा थांबल्या, साहेबानं सगळ्यांना उभं करून सांगितलं की आपण जिंकलो, आणि पलटण बसऱ्याच्या छावणीत येऊन बोटीची वाट बघत पडली. पुढे अडीच महिने खजुराची झाडं, घोट्याएवढा चिखल आणि हाडात शिरणारी थंडी. रोज सकाळी एका फळ्यावर बोटीची यादी लागायची. रोज सगळी छावणी फळ्याकडे जायची आणि मान खाली घालून परत यायची. कुणी कुणाशी भांडतही नव्हतं. नाथा तेवढा मधूनच विचारायचा, "दादा, पोरगं आता चालत असंल ना?" त्यानं पोराला पाहिलंच नव्हतं.

मग एके दिवशी यादीत तिघांचीही नावं लागली. कारभारी, नाथा आणि खेचरांच्या तांड्यावरचा त्यांच्याच गावचा महेबूब. बोट आठ दिवसांनी होती आणि त्याच दिवशी नाथाला मानमोडीचा, त्या साली हजारोंना नेणारा साथीचा ताप भरला.

तापाच्या माणसांचे तंबू छावणीबाहेर होते. चारी बाजूंनी खुंट्या ठोकून नुसती एक दोरी बांधलेली. हुकूम साधा होता: दोरीच्या आत जाईल त्याचं नाव बोटीच्या यादीतून कटेल आणि त्याला पुढचा हुकूम होईपर्यंत आतच राहावं लागेल. कारभारी दोन दिवस त्या दोरीपाशी उभा राहिला. तिसऱ्या तंबूचं दार उघडं असायचं. आतून नाथा हात हलवायचा. "दादा, पाणी." दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. लहान पोरानं ओलांडली असती.

तिसऱ्या दिवशी महेबूब खेचरांना पाणी दाखवून येत होता. त्यानं नाथाची हाक ऐकली, कारभारीकडे पाहिलं, खेचराचा दोर शेजारच्याच्या हातात दिला आणि एक पाय उचलून आत गेला. कारभारीला त्याचा राग आला होता. आजही आठवलं की आधी तो रागच आठवायचा.

धुळवडीला दुपार कलल्यावर देवापुढे पाट मांडला. दारात हलगी शेकायला ठेवली होती. मंगळूनं डोक्याला नवा फेटा बांधला होता. कुसाबाईनं औक्षणाचं ताट केलं होतं, नाथाची बायको सगुणा भिंतीला टेकून पदर सावरत बसली होती. ती एरवीही अशीच बसायची, सगळ्यांच्या जरा मागे.

कारभारीनं टाकावर हात ठेवला. चांदी गार लागली.

"वीर कसा गेला?" भागीबाईनं विचारलं. आवाज तिनं खास काढला होता.

"मानमोडीच्या तापानं. बसऱ्याला."

"कुणाच्या हातावर गेला?"

कारभारीचं तोंड उघडलं. अठरा वर्षं घोटलेलं उत्तर जिभेवर होतं. समोर मंगळूनं ओंजळ आधीच पुढे धरली होती.

"कारभारी, बोल की. हलगीवाले खोळंबलेत."

"माझ्या नाय," कारभारी म्हणाला.

भागीबाईला वाटलं तो विसरला. "असं कसं? मांडीवर डोकं होतं म्हणून तूच—"

"महेबूबच्या मांडीवर होतं. मी बाहेर होतो. दोरीच्या बाहेर." आणि मग एकदा सुटल्यावर त्यानं सगळं सांगितलं; यादी, दोरी, पाण्याची हाक, सगळं. "पाणी महेबूबनं पाजलं. तो आत गेला म्हणून त्याची बोट हुकली. तो पाच महिने तिथंच अडकला. त्याचा बाप वाट बघत मेला. आल्यावर स्टेशनावर तो मला दिसला आणि मी रस्ता बदलला. तेव्हापासून बदलतोच हाय."

"अरे, उन्हात लय चाललाय परवा," भागीबाई घाईघाईनं म्हणाली. "त्याला काय बोलतोय कळत नाय. कुसा, पाणी दे त्याला. मंगळू, घे टाक. झालं."

"हो, घे बाबा," कुसाबाई रडत रडतच म्हणाली. "आज नको हे सगळं. दिंडोरीची माणसं यायचीत." एरवी या नणंद-भावजयीचं दोन घटका पटत नसे. आज पहिल्यांदा दोघी एका बाजूला झाल्या होत्या.

मंगळूनं ओंजळ मागे घेतली. "आणि अग्नी?" त्यानं विचारलं.

"लाकूड नव्हतं. असतं तरी देऊ दिला नसता. खड्डा केला, चुना टाकला. महेबूबनं पुरलं त्याला."

आता सगुणा बोलली. "मग डब्यात काय होतं?"

खरं तर या एका प्रश्नाला कारभारी अठरा वर्षं घाबरून होता. "बोटीवरच्या चुलीची राख."

ती राख आईनं उराशी धरली होती, रामकुंडात सोडताना तिची शुद्ध हरपली होती. सगुणा हळूच उठली, देवाच्या मागे हात घालून तिनं पितळेची एक डबी काढली, कुंकवाच्या करंड्याएवढी. कारभारीनं ती कधी पाहिली नव्हती.

"सासूबाईंच्या नकळत चिमूटभर ठेवली होती मी," ती म्हणाली. "मंगळूला लहानपणी ताप आला की कपाळाला लावायची. रात्र रात्र बसायची. म्हणायची, बघा, तुमचं पोर हाय, उतरवा." तिनं डबीकडे पाहिलं. "उतरायचा."

"सगुणा..."

"एवढंच सांगा भावजी. आत का नाय गेला?"

कारभारीनं खूप शोधलं. भीती म्हणावी तर मानमोडीची त्याला भीती नव्हती. घरची ओढ म्हणावी तर घरी तोंड कसं दाखवायचं याचीच त्याला चिंता होती. "थकलो होतो," तो म्हणाला. "बोट चुकली असती तर आणखी एक दिवस त्या फळ्यापाशी जायचं बळ नव्हतं. दुसरं कारण नाय. असतं तर सांगितलं असतं."

सगुणानं मान हलवली. ती समजल्याची की नाकारल्याची, हे त्याला कळलं नाही. तिनं डबी पदराच्या टोकाला बांधली, खुंटीवरची शाल घेतली. "वीर तुमच्याच हातात राहू द्या अजून. हात बदलायचा तो ज्यांच्या हातावर ते गेले त्यांच्याकडून. चला."

"कुठं?" भागीबाई ओरडलीच. "मुसलमानाच्या दारात वीर नेणार? दिंडोरीची माणसं लग्न मोडतील."

"वन्सं, ते गेलेच त्यांच्या मांडीवर. आता आणखी काय बाटायचं राहिलंय?"

भागीबाईनं मदतीसाठी मंगळूकडे पाहिलं. पण मंगळू कुणाकडेच बघत नव्हता. तो उंबऱ्याबाहेर जाऊन हलगीवाल्यांना म्हणाला, "वाजवा. पण आधी चौकातून उजवीकडं वळायचंय."

महेबूबचं घर कारभारीच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे. या चार गल्ल्या तो अठरा वर्षं टाळत आला होता, त्यासाठी मळ्यात जातानासुद्धा लांबून फिरून जायचा. रस्त्यात बायका वीर नाचवणाऱ्याच्या पायावर पाणी घालायला पुढे आल्या, रीतीप्रमाणे कारभारीला चार पावलं नाचावं लागलं. गुडघ्यांनी तेवढीच मान्य केली. मंगळू त्याच्या शेजारून चालत होता, पण रोजच्यासारखा त्याच्या कोपराला हात लावून नव्हे.

महेबूब दारात घोड्याला खरारा करत होता. दाढी पांढरी झाली होती, पाठीला बाक आला होता. वाजंत्री आपल्या दारात थांबलेली पाहून तो आधी गोंधळला. मग कारभारी दिसला, आणि त्यानं जुन्या सवयीनं टाचा जुळवून सरळ उभं राहायचा प्रयत्न केला. त्याची बायको गुलजारबी पडदा सारून बाहेर आली. हलगी थांबली.

कारभारी टाक छातीशी धरून उभा राहिला. शेवटी सगुणाच पुढे झाली. "महेबूबभाई, आमच्या घरची रीत हाय. वीराला जाताना ज्यानं पाहिलं त्यानं सांगायचं. भावजींनी सांगितलं सगळं आज. आता तुम्ही सांगा."

महेबूबनं कारभारीकडे बघितलं. "मी घरी सांगणार नाय म्हणून नाईकांना शब्द दिलाय, भाभी. तिथंच, दोरीपाशी."

"मी सोडला तुला त्यातनं," कारभारी म्हणाला.

महेबूबनं खरारा ओट्यावर ठेवला, हात धोतराला पुसले. "तीन दिवस होता तो मी गेल्यावर. पाणी पीत होता, बोलत होता. पोराचं लय विचारायचा. शेवटच्या पहाटे म्हणाला, दादा कुठाय? मी म्हटलं, बोटीची यादी बघायला गेलाय." त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "तर म्हणाला, माझंही नाव बघ म्हणावं."

कारभारीच्या हातातला टाक कलला. मंगळूनं झटकन खालून हात लावला आणि मग तो हात काढला नाही.

"पुरायचं आलं तेव्हा मला सुधरेना," महेबूब सांगत होता. "आमच्यात तोंड काब्याकडे करतात. त्याचं तसं कसं करायचं? तुमच्यात काय करतात, ते विचारायला कोण नव्हतं. मग उजाडायची वाट बघितली. सूर्य निघाला तिकडंच कुठं तरी आपलं नाशिक, असा अंदाज धरला, आणि तोंड गावाकडं केलं. बरोबर केलं का चूक, अजून कळत नाय मला. कुणाला विचारताही आलं नाय."

गुलजारबीनं डोळ्यांना ओढणी लावली. तिला हे सगळं ठाऊक होतं, हे दिसतच होतं.

"बरोबर केलं," सगुणा म्हणाली. "भाई, टाक तुमच्या हातानं द्या पोराला."

महेबूबनं दोन्ही हातांनी टाक घेतला, फडकं जरा सारून घोड्यावरच्या स्वाराकडे निरखून बघितलं. "खेचर पाहिजे होतं खरं तर," तो पुटपुटला, "घोड्याला तो भ्यायचा." आणि मंगळू हसला, रडतारडताच हसला, आणि त्यानं ओंजळ पुढे केली.

पुढे मिरवणूक गंगेकडे गेली. दिंडोरीचे पाहुणे आले होते, वीर कुठून फिरून आला हे त्यांना वाटेतच कळलं होतं. मुलीच्या बापानं भागीबाईला बाजूला घेऊन काहीबाही विचारलं. मघाशी लग्न मोडेल म्हणणाऱ्या भागीबाईनं आता त्याला सुनावलं, "आमचा वीर हाय, आम्हाला वाटंल त्या दारात नेऊ." मग तोही वीराच्या पाया पडायला पुढे झाला.

मंगळूनं टाकाला आंघोळ घातली. कारभारी पायरीवर बसून बघत होता. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याचे हात रिकामे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सगुणा दोन पायऱ्या खाली पाण्यात उभी होती.

"ती डबी दे," तो म्हणाला. "निदान ती तरी मी सोडतो पाण्यात. माझं खोटं हाय ते."

सगुणानं पदराची गाठ चाचपली. सोडली नाही. "राहू द्या."

"बोटीवरची राख हाय ती, सगुणा. त्याची नाय."

"ठाऊक हाय." ती पाण्याकडे बघत राहिली. "तिकडून घरी तेवढीच आली भावजी. लग्न होईल, पोरं होतील, त्यांनाही ताप येतील."

ती वर निघून गेली. त्याला माफ केलं असं काही म्हणाली नाही, आणि त्यानंही ते विचारलं नाही. बायका, हलगीवाले, पाहुणे सगळे हळूहळू पायऱ्या चढून गेले. कारभारीनं उठायचा प्रयत्न केला, पण गुडघे वाकलेले ते सरळ होईनात. वरच्या रस्त्यावर महेबूबचा टांगा येऊन उभा होता. महेबूब खाली उतरत आला.

"नाईक, चढवतंय का?"

गेली अठरा वर्षं कुणीही विचारलं तरी कारभारी म्हणायचा, मला काय झालंय, मी चालतो.

"नाय," तो म्हणाला. "थकलोय मी, महेबूब."

महेबूबनं हात पुढे केला आणि कारभारीनं तो धरला.